कालाविसला न आलेले जहाज

सिर्याको दांदालला आमच्या कालाविस या किनाऱ्यावरच्या गावात सगळेच मानोंग म्हणत. थोरल्या भावासाठी असलेला हा शब्द नऊ भावंडांतल्या पहिल्याला चिकटावा हे साहजिक होते. पण त्याच्याहून दहा-दहा वर्षांनी मोठे असलेले म्हातारेदेखील धक्क्यावर त्याला त्याच शब्दाने हाक मारत, आणि तो दर वेळी थोडा ओशाळत असे. बुटका, रुंद खांद्यांचा, उन्हाने करपलेला माणूस. शाळा चौथीपर्यंत. चौदाव्या वर्षापासून तो बाहेरच्या समुद्रातल्या खडकांवर कुपा मासा धरायला जात होता. गावापासून तेरा-चौदा तासांची वाट. पाण्याच्या रंगावरून खाली खडक किती खोल आहे ते तो सांगे आणि ते सहसा चुकत नसे. चुकलेच, तर आपल्याबरोबर आलेल्या सहाही जणांची तो एकेकाला गाठून माफी मागत असे.

घरात बोलण्याचे काम देल्फिनाकडे होते. ती बाजारात खारवलेली मासळी विकायची, चर्चच्या गायनवृंदात खालच्या पट्टीत गायची, आणि नवऱ्याच्या गोष्टी त्याच्यादेखत लोकांना सांगायची. आमचे घर त्यांच्यापासून तिसरे, त्यामुळे त्या गोष्टी मी लहानपणापासून ऐकत आले.

"मला मागणी घालायला आला, तो तीन दिवस आमच्याकडे लाकडंच फोडत राहिला," ती सांगे. "चौथ्या दिवशी माझ्या आईला राहवेना. म्हणाली, पोरा, तुला नक्की हवंय तरी काय? सरपण, की मुलगी?"

"मग? काय म्हणाला?" हे आम्ही शंभराव्यांदाही विचारत असू.

"म्हणाला, आधी एवढं फोडून होऊ दे!"

सिर्याको शेजारी बसून गळ ओवत असे आणि मान खाली घालून हसत असे. मी इलोइलोला कॉलेजात होते, तेव्हा गावाकडून येणाऱ्या प्रत्येक माणसाबरोबर त्या घरातून सुकवलेल्या मासळीची पुडी येई. पदवी घेऊन मी परतले आणि नगरसभेत लघुलेखिका म्हणून लागले. सहा वर्षे ते काम केले. पुढे जे सांगणार आहे त्यातले बरेचसे मी त्या खुर्चीवरून पाहिलेले आहे.

देल्फिनाच्या गळ्यावरची गाठ सुरुवातीला छोट्या लिंबाएवढी होती. मोठी मुलगी कुवेतला गेली तेव्हा ती कोंबडीच्या अंड्याएवढी झाली होती, आणि धाकटीचे लग्न झाले त्या वर्षी मोसंब्याएवढी. देल्फिना गळ्याभोवती टॉवेल गुंडाळू लागली. कोणी विचारलेच तर म्हणायची, "ही माझी तिसरी. दोघी गेल्या आपापल्या घरी, ही काही लग्नाचं नाव काढत नाही."

मग गाणे थांबले. चर्चची चढण चढताना तिच्या श्वासातून बारीक शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, आणि आडवे पडले की जीव गुदमरू लागला. सिर्याकोने तिच्यासाठी बांबूची उतरती खाट केली. डोक्याकडे उंच, पायांकडे बुटकी. तिच्या पाठीला बांबूचे पेर टोचते म्हणून तीन वेळा ती सोडवून पुन्हा बांधली. आमच्या आरोग्य केंद्राचे डॉक्टर लिंबाग यांनी प्रांताच्या शहरातून क्ष-किरण छायाचित्र काढून आणवले. गलगंड छातीच्या हाडामागे उतरला होता आणि श्वासनळी बोरूइतकी बारीक झाली होती. असली शस्त्रक्रिया प्रांतात कोणी करत नव्हते. मनिलाची पहिली तारीख मिळाली तेव्हा वादळामुळे आठवडाभर बोटी बंद होत्या. दुसऱ्या तारखेला ती तिथवर पोहोचली, पण अंगात ताप असल्याने तिला परत पाठवण्यात आले. तिसरी तारीख पुढच्या फेब्रुवारीची होती.

आता समुद्रातली गोष्ट. तिच्यावाचून पुढचे समजणार नाही. ही तिसरी तारीख मिळाली त्याच्या दोन वर्षे आधी, मार्चमध्ये, सिर्याकोची नाव खडकाजवळ नांगरून उभी असताना एका मोठ्या देशाच्या राखाडी जहाजाने तिला धडक दिली होती. समुद्र आपला आहे असे त्या देशाचे म्हणणे होते. आमचे म्हणणे आमच्या आजोबांच्या काळापासून वेगळे होते. नावेचा तोल राखणारी एका बाजूची बांबूची उलांडी मोडून पडली आणि नाव कलंडली. सात माणसे बांबूंना धरून साडेचार तास पाण्यात राहिली. राखाडी जहाज तेवढा वेळ तिथेच उभे होते.

रेडिओवर ही बातमी सगळ्यात आधी वेनान्स्यो आब्रिनाने ऐकली. तो बर्फाच्या कारखान्याचा मालक, नगरसभेचा सभासद, म्हणजे आमच्या बोलीत कोन्सेहाल. मोठ्या आवाजाचा, मोठ्या मनाचा माणूस. बर्फ पोहोचवायला तो तेव्हा खडकापासून चार तासांवरच्या एका बेटावर गेला होता; लाटा वाढत असताना तिथून त्याने आपल्या दोन नावा काढल्या आणि एकीवर स्वतः चढला. साताच्या साती माणसे जिवंत आली. तेव्हापासून सिर्याकोच्या प्रत्येक फेरीतला पहिला मासा वेनान्स्योच्या घरी जाई. आमच्याकडे असल्या उपकाराला मनाच्या आतले ऋण म्हणतात. ते फेडायचे नसते. फेडायला निघणे हाच अपमान. ते घेऊन आयुष्यभर त्या माणसाशी अदबीने वागायचे असते, आणि तो काही मागेल त्या दिवसाची वाट बघायची असते.

तो दिवस दोन वर्षांनी, मे महिन्यात आला.

त्याच मोठ्या देशाचे इस्पितळ-जहाज सदिच्छा भेटीवर आमच्या समुद्रातून जाणार होते. पांढरे, त्यावर दोन शस्त्रक्रियागृहे, चाळीस डॉक्टर. कालाविसच्या बंदरात पाच दिवस थांबून मोफत उपचार करण्याची त्यांची तयारी होती. राजधानीने हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. तिथून पत्र आले की धक्का आणि छत घातलेले बास्केटबॉलचे मैदान नगरसभेच्या ताब्यात आहे, तेव्हा स्थानिक लोकप्रतिनिधींनीच विचारविनिमय करून ठराव कळवावा.

डॉक्टर लिंबाग यांनी चार दिवसांत रुग्णांची यादी तयार केली. ती मी टंकली. एकशे त्रेचाळीस नावे. मोतीबिंदू, दुभंगलेले ओठ, हर्निया. एकतिसाव्या ओळीवर होते: दांदाल, देल्फिना, वय चौपन्न, गलगंड, तातडीचे. 'तातडीचे' या शब्दाखाली डॉक्टरांनी पेनाने रेघ मारली होती. जहाज आले तर पहिल्याच दिवशी तुझा क्रमांक, असे त्यांनी तिला सांगितले होते.

"ह्याला विचारलं मी," देल्फिना माझ्या आईला म्हणाली. "म्हटलं, त्यांच्या जहाजावर जाऊ ना रे? तर बराच वेळ काही बोलेना. मला वाटलं, आता नको म्हणणार. शेवटी म्हणतो, शिडी ओली असते, वर जाताना कठडा दोन्ही हातांनी धर."

सभेच्या आधीच्या शनिवारी मी आईने दिलेले एक भांडे परत करायला त्यांच्याकडे गेले होते, तेव्हा वेनान्स्यो आला. बर्फाची एक लादी पोत्यात गुंडाळून आणली होती. रिकाम्या हाताने तो कोणाच्याच घरी जात नसे.

"मानोंग, सोमवारी सभेला यायचं. तो लग्नातला पांढरा शर्ट घालून ये."

"मी? मी तिथे काय बोलू, कोन्सेहाल?"

"जे झालं तेच. कसे उभे राहून बघत होते, ते सांग. ज्यांनी शिडी टाकली नाही तेच आता औषधाच्या गोळ्या घेऊन येतायत, हे लोकांना कळायला नको? बाकी सगळं मी बघतो." मग तो आत बघून ओरडला, "काय गं फिना, मे महिन्यात गळ्याला टॉवेल? थंडी वाजते की काय?"

"सौंदर्य झाकते, कोन्सेहाल," आतून कॉफी घेऊन येत ती म्हणाली. मधे श्वास घ्यायला थांबली. "सगळ्यांना फुकट दाखवायचं म्हटलं तर परवडत नाही."

वेनान्स्यो गडगडून हसला. तिला गाठ आहे हे साऱ्या गावासारखे त्यालाही ठाऊक होते. ती आत उतरली आहे आणि तिचे नाव यादीत आहे हे ठाऊक नव्हते. कॉफी पिऊन तो गेला.

सिर्याको बर्फाच्या लादीकडे बघत राहिला. "त्यांना सांगायला हवं होतं."

"काय सांगणार होतास?" देल्फिना म्हणाली. "तुम्ही पाण्यातून नवरा काढून दिलात, आता जरा तोंड मिटून बसा म्हणजे बायकोपण वाचेल? लाज नाही वाटायची? तू जा. जे झालं ते सांग. खोटं थोडंच सांगायचंय? मतं द्यायला दहा माणसं बसलीयेत तिथे. माझं दुखणं तेवढं सभागृहात नेऊ नकोस."

तो माझ्याकडे वळला. गावातल्या पोरींना म्हणतात तसे तो मला इंदाय म्हणे. "इंदाय, ती यादी वाचतात ना गं ते सगळे?"

"यादी ठरावाला जोडलेली आहे, मानोंग," मी म्हणाले.

ते खरे होते. ठरावाला जोडलेले कागद सहसा कोणी उलटत नाही, हेही मला माहीत होते; ते मी बोलले नाही.

सोमवारी सभागृह भरले होते. खिडक्यांत माणसे उभी होती. उपनगराध्यक्ष होनोराता दाकेल अध्यक्षस्थानी होत्या. त्यांना सगळे व्हाइस म्हणत. निवृत्त मुख्याध्यापिका, आवाज कधी न चढवणाऱ्या. आमच्या नियमाप्रमाणे अध्यक्षाने मत द्यायचे नसते. मते समसमान पडली तरच. डॉक्टर लिंबाग पलीकडच्या बेटावर गोवराची साथ निघाल्याने येऊ शकले नव्हते. त्यांनी पत्र पाठवले होते, ते वाचून दाखवण्यात आले. त्यात आकडे होते, नावे नव्हती.

पहिल्यांदा उठले तिबुर्स्यो, वयाने सगळ्यांत मोठे सभासद. "दोन राष्ट्रांचं भांडण," ते म्हणाले, "अध्यक्षांना सुटत नाही, मंत्र्यांना सुटत नाही, राजदूतांना सुटत नाही. म्हणून त्यांनी ते आपल्या बास्केटबॉलच्या मैदानावर पाठवलंय. मला तर अभिमानच वाटतो." हशा पिकला. "माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. त्यांच्या डॉक्टरानं आधी तो काढावा. मग मी नीट बघून सांगेन, तो शत्रू आहे की मित्र."

लिगाया आब्योग ही सर्वांत तरुण सभासद. ती म्हणाली, "एकशे त्रेचाळीस माणसं आहेत, व्हाइस. आपल्याकडे भूल द्यायलाही कोणी नाही. दुखणं कधी विचारत नाही, डॉक्टर कुठल्या देशाचा म्हणून."

"दुखणं विचारत नाही, मी विचारतो," वेनान्स्यो उभा राहिला. "पाच दिवस ते इथे राहतील. आपली मुलं हार घालतील, बायका नाचतील, त्यांचा फोटोवाला फोटो काढेल. आणि पुढच्या वर्षी जगाच्या कुठल्यातरी सभेत तोच फोटो दाखवतील. म्हणतील, हे बघा, कालाविसच्या लोकांची काही तक्रार नाही. आज ज्या सुईनं टाके घालतील ना, लिगाया, उद्या त्याच सुईनं आपले ओठ शिवतील."

"ओठ शिवले, तर सगळ्यात जास्त नुकसान तुमचंच, कोन्सेहाल," तिबुर्स्यो बसल्या जागेवरून म्हणाले. वेनान्स्योही हसला. तो चूक बोलत होता असे मला तेव्हा वाटले नाही, आजही वाटत नाही.

मग सिर्याकोला बोलावले. पांढरा शर्ट गळ्यापर्यंत बंद. त्याने जे झाले ते सांगितले, फार तर तीन-चार मिनिटांत. "कठड्यावर माणसं होती. मी मोजली, अकरा. एकाच्या हातात कॅमेरा. शिडी त्यांच्या पायापाशी गुंडाळून ठेवलेली होती, आम्हाला दिसत होती. आमच्यातला सगळ्यात धाकटा ओरडून शिडी मागत होता. मग त्याचा घसा बसला." एवढे सांगून तो खाली बसला. खिडकीतल्या बायका डोळे पुसत होत्या.

हात वर करून मते घेतली. जहाजाचे स्वागत करावे, पाच. करू नये, पाच. तिबुर्स्यो स्वागताच्या बाजूने होते.

व्हाइसनी चष्मा काढला. ठराव त्यांच्यासमोर होता; त्याच्या खाली, टाचणी लावलेली, यादी. "मला हे माझ्या मतावर ठरवायचं नाही," त्या म्हणाल्या. "जखम मला झाली नाही. ज्याला झाली तो माणूस समोर बसलाय. मानोंग सिर्याको, उभे राहा. तुम्ही सांगा. तुम्ही म्हणालात येऊ दे, तर मी माझं मत येऊ दे म्हणून देईन. नको म्हणालात तर नको. तुमच्या मनात अजून राग आहे का?"

सिर्याको उभा राहिला. त्याने एकदा व्हाइसकडे पाहिले, मग त्यांच्या समोरच्या कागदांकडे. वेनान्स्यो त्याच्याकडेच बघत होता. प्रेमाने, अभिमानाने, भाऊ बघतो तसा.

"जे कोन्सेहाल वेनान्स्यो म्हणतात," सिर्याको म्हणाला, "तेच माझं."

ज्याने आपल्याला सभेत आणले, त्याच्या शब्दापुढे शब्द ठेवायचा नाही. आम्हा सर्वांना हे आईच्या दुधाबरोबर मिळालेले असते. नकार द्यायचा तर तो नकार वाटू नये अशा रीतीने द्यायचा, आणि ऐकणाऱ्याने तो ओळखायचा. सिर्याकोला वाटले असावे, व्हाइस कागद उलटून यादीतले नाव पाहतील. व्हाइसना वाटले, त्याचे उत्तर मिळाले. लघुलेखिकेला सभागृहात हात असतात, तोंड नसते. मी ते वाक्य लिहून घेतले. व्हाइसची खुर्ची माझ्यापासून दोन हातांवर होती. एक चिठ्ठी सरकवायला तेवढे अंतर पुष्कळ होते.

व्हाइसनी हातोडी आपटली. स्वागत नाही.

बुधवारी मनिलाहून टीव्हीवाले आले. मोठ्या देशाला नको म्हणणारे छोटे गाव. सिर्याकोला त्यांनी धक्क्यावर उभे केले, मग घरात बसवले. देल्फिनाने त्या सगळ्यांना कॉफी आणि केळ्याची भजी दिली. बातमीत ती मागून तबक घेऊन जाताना दिसते, गळ्याला टॉवेल. बातमीत त्याला वीर म्हटले होते.

गुरुवारी डॉक्टर लिंबाग बेटावरून परतले, ते घरी न जाता थेट बर्फाच्या कारखान्यात गेले. तासाभरात वेनान्स्यो सिर्याकोच्या पायरीवर बसलेला होता. पहिल्यांदाच रिकाम्या हाताने. आम्ही शेजारचे लोक कुंपणाशी उभे होतो.

"मला का नाही सांगितलंस?" तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "एक शब्द, मानोंग! एक शब्द बोलला असतास, तर मीच हात खाली घेतला असता!"

"तुम्ही बोलत होतात, कोन्सेहाल," सिर्याको म्हणाला.

वेनान्स्योने कपाळावर हात मारून घेतला. मग उठला. "जहाज सान रोकेला गेलंय. तिथल्यांनी हो म्हटलं. सहा दिवस थांबणार आहे. माझी मोठी नाव घ्या. मी स्वतः नेतो. फिना, चल, कपडे भर."

"नाही," देल्फिना म्हणाली.

"नाही म्हणजे?"

"काल अख्ख्या देशानं ह्याला टीव्हीवर बघितलं. आणि आज ह्याचीच बायको त्याच जहाजाच्या शिडीवर?" ती श्वास घ्यायला थांबली. "तिथे काय फोटोवाले नसतील? काय म्हणतील ह्याला? आणि तुम्हाला, कोन्सेहाल? बाकीच्या एकशे बेचाळीस लोकांना काय तोंड दाखवू मी? त्यांना कुणाची नाव नेणार आहे?"

"मी नेईन! सगळ्यांना नेईन!"

"बर्फ कोण बनवणार मग?" ती हसली. "मनिलाची तारीख आहे की माझी. फेब्रुवारीत."

"हसू दे, फिना," सिर्याको म्हणाला.

इतका वेळ तो दारात उभा होता. मी त्याचा आवाज चढलेला कधी ऐकला नव्हता. "हसू दे त्यांना. थुंकू दे माझ्यावर. हसू दे, फिना. चल."

ती त्याच्याजवळ गेली आणि त्याच्या शर्टाची कॉलर सरळ केली. दुसऱ्या दिवशीही ती नाहीच म्हणाली, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी त्याने स्वतःच गाठोडे बांधून दाराशी ठेवले. तिने ते सोडून कपडे जागच्या जागी लावले. सहाव्या दिवशी पांढरे जहाज सान रोकेहून निघाल्याचे रेडिओवर सांगितले.

ऑक्टोबरमध्ये तिला साधा खोकला झाला. छाती भरली, गळा आतून सुजला. शहराकडे जाणारी रुग्णवाहिका चार तासांच्या वाटेतली अडीच तासांची वाट चालली होती. आडवे करता येत नव्हते म्हणून सिर्याको तिला आपल्या छातीशी टेकवून बसला होता. ती गेल्यानंतर बऱ्याच वेळाने त्याने तिला आडवे करू दिले, असे सोबतच्या परिचारिकेने सांगितले.

गावात कोणी गेले की नगरसभा शोकठराव करते. तो सोनेरी किनारीच्या कागदावर टंकून, चौकटीत घालून घरच्यांना देतात. त्या सोमवारी नियम बाजूला ठेवून, चर्चेवाचून, दहाच्या दहा मतांनी तो तीन मिनिटांत संमत झाला. मांडला वेनान्स्योने. वाचायला त्याने सुरुवात केली, पण त्याला तो पुरा वाचता आला नाही. उरलेला व्हाइसनी वाचला. 'मातृभूमीच्या सन्मानासाठी निर्भयपणे उभे राहिलेले श्री. सिर्याको दांदाल यांच्या सुविद्य पत्नी' असे शब्द त्यात होते. ते मीच टंकले होते. देल्फिना तिसरी शिकलेली होती. 'सुविद्य' हा शब्द छापील नमुन्यात आधीपासून असतो.

नवव्या दिवसाची प्रार्थना झाल्यावर सिर्याको ती चौकट घ्यायला स्वतः कचेरीत आला. दुपारची वेळ, बाकीचे जेवायला गेले होते. त्याने चौकट हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली, आणि वर्तमानपत्रात गुंडाळून देऊ का असे मी विचारले तेव्हा हो म्हणाला. पण गेला नाही.

"इंदाय, त्या दिवशीचं तू लिहून ठेवलं असशील."

"हो, मानोंग."

"मी काय म्हणालो, ते वाचून दाखवतेस?"

मी इतिवृत्ताची वही काढली. व्हाइसचा प्रश्न वाचला. त्याचे उत्तर वाचले.

"आणि ह्या दोन्हींच्या मध्ये?"

"मध्ये काही नाही, मानोंग."

तो थोडा पुढे झुकला. मला दोष लागू नये अशा स्वरात, अगदी अदबीने बोलू लागला. "नाही, म्हणजे मला आठवतं ना, मी फिनाचं नाव घेतलं होतं. हळू घेतलं असेल. माझा आवाजच लहान आहे. तू लांब बसली होतीस, पंखे चालू होते, तुला ऐकू आलं नसेल. असं होतं. तुझी काही चूक नाही. मला आठवतं, मी म्हणालो की ती यादीत आहे."

सभेचे ध्वनिमुद्रण आम्ही वर्षभर ठेवत असू. त्याची समजूत तशीच राहू द्यावी, असे मला क्षणभर वाटले. पण तो माझ्याकडे बघत होता आणि मी एकदा त्याला अर्धेच खरे सांगितले होते. मी कपाटातून यंत्र काढले, ती जागा शोधली आणि लावले.

व्हाइसचा आवाज आला. 'तुमच्या मनात अजून राग आहे का?' खुर्ची सरकल्याचा आवाज. पंख्याची घरघर. कोणीतरी खोकले. मग बराच वेळ नुसती घरघर. मग त्याचा आवाज, स्वच्छ, शब्दन् शब्द: 'जे कोन्सेहाल वेनान्स्यो म्हणतात, तेच माझं.'

"पुन्हा लाव," तो म्हणाला.

मी पुन्हा लावले. या वेळी त्याने डोळे मिटून कान यंत्राजवळ नेला. ती शांतता नऊ सेकंदांची होती. यंत्रावर आकडे दिसत होते.

"कितव्या ओळीवर होती गं ती?"

"एकतिसाव्या."

"पुन्हा एकदा लाव."

व्हाइसनी विचारले. खुर्ची सरकली. कोणीतरी खोकले. आणि पंख्याची घरघर सुरू झाली तेव्हा सिर्याको खुर्चीवरून उठून उभा राहिला, हात सरळ खाली सोडून, आणि त्या यंत्राला म्हणाला, "व्हाइस, माझी बायको यादीत आहे. एकतिसावी. तिला श्वास घेता येत नाही. येऊ द्या त्यांना."

त्याचे बोलून झाले तरी घरघर चालूच होती. नऊपैकी सातवा सेकंद चालू होता.

मग यंत्रातून त्याचाच आवाज आला, आणि मी ते बंद केले.